पाण्यावरून आणि जमिनीवरून उडणारी रेडिओ-कंट्रोल विमानं : सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली सगळीकडे एकच नमुना विमान धरलं आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील. पंखांची लांबी १४०० मिमी, प्रॉपेलरपासून रडरच्या (शेपटीवरच्या उभ्या हलत्या फळीच्या) बिजागरीपर्यंत लांबी १००० मिमी, चाकांवर वजन ११०० ग्रॅम, फ्लोट (चाकांऐवजी लावायच्या तरंगत्या होड्या) लावल्यावर १४०० ग्रॅम. तुमचं विमान लहान-मोठं असेल तर त्याच प्रमाणात कमी-जास्त करा.

जमिनीवर नीट उडवता येत नसताना थेट पाण्यावर शिकलं तर चालेल का?

नाही. हवेत गेल्यावर विमान तेच असतं, पण पाण्यावर ब्रेक नाहीत. थ्रॉटल (मोटरचा जोर) शून्य केला तरी ते वाऱ्याबरोबर वाहत राहतं आणि प्रत्येक चूक काठापासून दूर घडते. चाकांवर सलग उतरवणं, आडव्या वाऱ्यात रडर वापरणं आणि विमान तोंडावर येत असताना उजवं-डावं न चुकणं, एवढं अंगवळणी पडल्यावरच फ्लोट लावा.

पहिलं विमान कोणतं घ्यावं : फ्लोटवालं, फ्लाइंग बोट की चाकं आत घेणारं?

वर पंख असलेला ईपीओ या चिवट फोमचा ट्रेनर (शिकाऊ विमान) आणि खाली सुटे होणारे दोन फ्लोट. चार स्क्रू काढले की चाकं, चार लावले की फ्लोट. सकाळी तलाव आणि संध्याकाळी माळ, दोन्ही एकाच विमानात जमतं.

फ्लाइंग बोटीचं पोटच होडीचं असतं. ती दिसायला सुरेख, पाण्यावर बसायलाही स्थिर, पण मोटर उंच खांबावर असल्यामुळे तिचा स्वभाव वेगळा (त्याबद्दल पुढे आहे). चाकं आत घेणारं विमान तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. वजन वाढतं, चाकांच्या खाचांतून पाणी शिरतं, आणि चाकं चुकून खाली राहिली असताना पाण्यावर उतरलं की विमान हमखास नाकावर उलटतं.

फ्लोट किती मोठे हवेत?

लांबी विमानाच्या लांबीच्या ७५ ते ८० टक्के, म्हणजे नमुन्यासाठी ७८० मिमी. एक लिटर पाणी बाजूला सारलं की एक किलो वजन पेललं जातं. दोन्ही फ्लोट मिळून विमानाच्या वजनाच्या किमान दुप्पट वजन पेलतील एवढे असावेत. १४०० ग्रॅमसाठी हे २.८ लिटर झालं. ७८० मिमी लांब, ६५ रुंद आणि ५५ उंच ठोकळ्याला आकार दिल्यावर साधारण साठ टक्के घनफळ उरतं, म्हणजे एका फ्लोटमध्ये सुमारे १.७ लिटर. पुरेसं आहे. याहून फार मोठे केले तर हवेत ओढ वाढते आणि शेपटी डोलायला लागते.

दोन फ्लोटच्या मध्यरेषांतलं अंतर पंखांच्या लांबीच्या पाव भाग, इथे ३५० मिमी. त्याहून जवळ घेतले तर आडव्या वाऱ्यात पंखाचं टोक पाण्यात जातं. फ्लोटची टोकं प्रॉपेलरच्या पुढे ५० ते ६० मिमी निघायला हवीत. ती मागे राहिली तर वेग कमी होताना नाक पाण्यात घुसतं.

‘स्टेप’ म्हणजे काय आणि ती नेमकी कुठे ठेवायची?

पाण्यावरून उडणाऱ्या विमानाचं सगळं भवितव्य या एका पायरीवर ठरतं. फ्लोटचा तळ सलग असला तर वेग वाढला तरी पाणी मागच्या भागाला चिकटून राहतं आणि विमान सुटत नाही. मध्ये १० मिमीची उभी पायरी ठेवली की तिथे पाणी तुटतं, मागे हवा शिरते आणि फ्लोट पुढच्या तळावर घसरत धावतो. विमानाला नाक उचलायला जागाही त्यामुळेच मिळते.

पायरी सीजीच्या (विमानाच्या तोलबिंदूच्या) १० ते १५ मिमी मागे. ही मोजणी फ्लोट, बॅटरी, सगळं लावून, पंखाखाली बोटं धरून करायची. फ्लोटशिवाय काढलेला सीजी इथे उपयोगाचा नाही. पायरी सीजीच्या पुढे गेली तर धावताना शेपटी खाली बसते आणि नाक वरखाली आपटायला लागतं. ४०-५० मिमी मागे गेली तर एलेव्हेटर (शेपटीवरची आडवी हलती फळी, नाक वर-खाली करणारी) पूर्ण ओढला तरी नाक उचलत नाही. पायरीची कड धारदार हवी. पॉलिश पेपरनं गोल झाली तर पाणी तुटत नाही, म्हणून शेवटी कडेला प्लॅस्टिकची पातळ पट्टी चिकटवा.

पायरीपासून मागचा तळ हळूहळू वर चढतो आणि टोकाशी १५ मिमी जाडी उरते. पंखाचा कोन फ्लोटच्या पुढच्या सपाट तळाच्या मानानं २ ते ३ अंश जास्त हवा. तो फ्लोटच्या पुढच्या-मागच्या तारेच्या पायांची उंची बदलून जुळवता येतो.

फ्लोट घरी करता येतात का? कोणतं साहित्य?

येतात. इन्सुलेशनसाठी मिळणाऱ्या २५ मिमी एक्सपीएस (घट्ट, बिनदाण्याचा फोम) पाट्या एकावर एक चिकटवा आणि गरम तारेनं कापा. साध्या थर्माकोलचे दाणे सुटतात आणि त्यात पाणी मुरतं. ते नको.

फेव्हिक्विक एक्सपीएसला आणि थर्माकोलला खातं, ईपीओला नाही. फ्लोटसाठी फोम-सेफ गोंद किंवा पाच मिनिटांचं इपॉक्सी वापरा. तारा बसतात तिथे फोममध्ये खाच करून ३ मिमी प्लायचे तुकडे इपॉक्सीनं बसवा, कारण सगळा धक्का तिथेच येतो. बाहेरून लॅमिनेशन फिल्म किंवा रुंद पॅकिंग टेप, मागून पुढे अशी लावायची, म्हणजे पुढचा थर मागच्यावर चढतो आणि पाण्याच्या दाबानं कड उचकटत नाही.

पाय ३ मिमी स्टीलच्या तारेचे. पुढचा आणि मागचा पाय यांमध्ये सायकलच्या आऱ्याचा तिरका आधार द्या. हा तिरका आधार विसरला की फ्लोट पुढे-मागे हलतात, धाव घेताना कोन बदलतो, आणि दोष मात्र मोटरला दिला जातो.

फ्लोटच्या पुढच्या अर्ध्या भागात तळाच्या बाहेरच्या कडेला ३ मिमीची पट्टी लावली तर तुषार खाली दाबले जातात आणि प्रॉपेलर कोरडा राहतो. एका फ्लोटच्या मागे ४० × ५० मिमीचा पाण्यातला रडर पुरतो. तो मागे उचलला जाईल असा ठेवा. जलपर्णीत अडकला तर मोडणार नाही.

फ्लोट लावल्यावर विमान हवेत शेपटी हलवतं. का?

सीजीच्या पुढे फ्लोटचा बराच उभा पृष्ठभाग वाढतो आणि उभ्या शेपटीचा जोर कमी पडतो. शेपटीखाली फोमचा ८० × ६० मिमीचा पंखोटा चिकटवा. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं.

मोटर केवढी लागते?

चाकांवर किलोला २०० वॉटमध्ये ट्रेनर आरामात उडतो. पाण्यावर किलोला ३०० वॉट धरा, म्हणजे नमुन्यासाठी सुमारे ४२० वॉट. ३ एस (तीन सेलच्या) बॅटरीवर हा प्रवाह ३८ अँपिअरच्या आसपास जातो, म्हणून ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ५० अँपिअरचा आणि बॅटरी २२०० एमएएच, ३० सी (क्षमतेच्या तीसपट प्रवाह देणारी). जेमतेम ४० अँपिअरचा ईएससी बंद फ्यूजलाजमध्ये (विमानाच्या धडात) तापून अर्ध्या धावेत मोटर कापतो. प्रॉपेलर बदलला की वॉटमीटर लावून बघा, वेष्टनावरच्या आकड्यावर विसंबू नका. प्रॉपेलरचं टोक पाण्यापासून किमान ३० मिमी वर हवं.

जानेवारीत सहज उठणारं विमान मे महिन्यात पाण्याला चिकटून का राहतं?

हवा पातळ होते म्हणून. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, सांगली साडेपाचशेवर. उंची आणि उन्हाळ्यातलं ३६ ते ४० अंश तापमान मिळून हवेची घनता समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा १३ ते १५ टक्क्यांनी कमी भरते. हिवाळ्यातल्या १५ अंशांच्या सकाळी हीच तूट ६ ते ८ टक्के असते. घनता १४ टक्के कमी म्हणजे उठण्याचा वेग ७-८ टक्के जास्त आणि प्रॉपेलरची ओढ कमी. दोन्ही मिळून धाव हिशेबानं साधारण तिसऱ्या भागानं लांबते. उन्हाळ्यात सकाळी लवकर उडवा, वजन कमी ठेवा, आणि बॅटरीला झेपत असेल तर एक इंच मोठा प्रॉपेलर वॉटमीटर लावून तपासा.

पाण्यावरून उठवायची नेमकी पद्धत?

तोंड वाऱ्याकडे. काठाशी पुढे ६०-७० मीटर मोकळं पाणी आहे का, जाळ्यांचे तरंगते डबे आहेत का, ते आधी पाहून घ्या.

एलेव्हेटर थोडा वर ओढून धरा आणि थ्रॉटल तीन सेकंदांत हळूहळू पूर्ण द्या. नाक उचलतं, विमान पाणी नांगरत जातं, मग एका क्षणी सपाट होऊन पायरीवर चढतं. वेग एकदम वाढतो आणि आवाज बदलतो. इथे एलेव्हेटर मधोमध आणा. ओढलेलाच ठेवला तर शेपटीचा भाग पाण्यात बसतो आणि वेग अडकतो. दिशा रडरनं सांभाळा, एलेरॉननं (पंखांवरच्या हलत्या फळ्यांनी) नाही. वेग भरला की अगदी हलका एलेव्हेटर. उठल्यावर लगेच वर खेचू नका. तीन-चार सेकंद पाण्याला समांतर जाऊ द्या.

पाणी आरशासारखं स्थिर असेल तर फ्लोट सुटायला वेळ लागतो. आधी एक गोल चक्कर मारून लाटा उठवा आणि त्यांवरून धाव घ्या.

धावताना नाक वरखाली आपटतंय. काय करायचं?

थ्रॉटल कमी करा आणि थांबा. एलेव्हेटरनं पाठलाग करत बसलात तर प्रत्येक उसळी आधीच्यापेक्षा मोठी होते आणि तिसऱ्या-चौथ्या उसळीला विमान वेगाशिवाय हवेत फेकलं जातं. काठावर आणून या क्रमानं तपासा : सीजी फार मागे आहे का, पायरी सीजीच्या पुढे गेली आहे का, दोन्ही फ्लोटचा कोन सारखा आहे का, फ्लोटमध्ये पाणी शिरलं आहे का. एक फ्लोट हातात जड लागला तर फिल्मला भोक पडलंय असं समजा.

विमान एकाच बाजूला वळत राहिलं तर दोन फ्लोट समांतर आहेत का ते पुढून आणि मागून मोजपट्टीनं पाहा. ३ मिमीचा फरकही जाणवतो.

उतरवताना विमान नाकावर उलटतं.

तीनच कारणं दिसतात. पहिलं, वेगात आणि नाक खाली ठेवून टेकवणं. दुसरं, टेकताक्षणी थ्रॉटल तोडणं. तिसरं, वाऱ्याच्या दिशेनं उतरणं. पाव थ्रॉटल ठेवून सपाट उतरा. पाण्यापासून हातभर वर विमान धरून ठेवा, स्वतःहून टेकू द्या, मग थ्रॉटल हळू काढत एलेव्हेटर हळू ओढत जा. पाणी मऊ असतं हा समज काढून टाका. त्या वेगाला ते फळीसारखं लागतं.

वाऱ्याकडे पाठ करून टॅक्सी करताना (पाण्यावर हळू चालवताना) एलेव्हेटर खाली दाबून ठेवा. ओढलेला असला तर वारा शेपटीखाली शिरून विमान उलथवतो.

फ्लाइंग बोटीला पूर्ण थ्रॉटल दिला की नाक खाली का जातं?

मोटर सीजीच्या बरीच वर असते, त्यामुळे तिचा रेटा नाक खाली दाबतो. थ्रॉटल काढला की नाक वर येतं. ट्रेनरवर तयार झालेल्या हाताला हे उलटं वाटतं. ट्रान्समीटरमध्ये थ्रॉटलबरोबर ३ ते ५ टक्के एलेव्हेटर वर असं मिक्सिंग द्या आणि उंचावर जाऊन आकडा जुळवा.

इलेक्ट्रॉनिक्सला पाण्यापासून कसं वाचवायचं?

रिसीव्हरची पाटी सिलिकॉन कोटिंगनं रंगवा. नेलपॉलिशचे दोन हातही चालतात. कनेक्टरच्या पिना आणि बाइंड बटण (ट्रान्समीटरशी जोडणी करायचं) मोकळं ठेवा. ईएससीवरही कोटिंग करा, पण उष्णता सोडणारी धातूची पट्टी झाकू नका. फुग्यात गुंडाळलेला ईएससी कोरडा राहतो आणि जळतो. ९ ग्रॅम सर्व्होच्या शाफ्टजवळ थोडं ग्रीस, सांध्यांवर नेलपॉलिश. कनेक्टरवर सिलिकॉन ग्रीस. फ्यूजलाजच्या सर्वांत खालच्या जागी ५ मिमीचं भोक ठेवा आणि काठावर आल्यावर पाणी काढा. उडताना त्यावर टेप.

पाण्यावर रेंज कमी होते हे खरं?

खरं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्याच्या अगदी जवळून नीट जात नाहीत. विमान दूर पाण्यावर बसलेलं असताना संपर्क तुटण्याची शक्यता हवेतल्यापेक्षा जास्त. रिसीव्हर फ्यूजलाजच्या वरच्या भागात ठेवा आणि त्याच्या दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात. काठावर उभं राहून उडवा, बसून नाही. फेलसेफ (संपर्क तुटल्यावर विमान आपोआप काय करेल ती सेटिंग) थ्रॉटल शून्यावर लावलेला आहे का, ते प्रॉपेलर काढून आणि ट्रान्समीटर बंद करून प्रत्येक वेळी पाहा.

आपल्याकडे कुठल्या पाण्यावर उडवायचं?

आधी कुठे नाही ते.

कृष्णेच्या पात्रात नाही. सांगली, भिलवडी, औदुंबर या पट्ट्यात मगरी आहेत, आणि थंडीत त्या नेमक्या वाळूवर आणि काठावर ऊन खात पडलेल्या असतात. आपला उडवण्याचा हंगामही तोच. वाहत्या पाण्यात बंद पडलेलं विमान पुलाखालून बंधाऱ्याकडे जातं आणि त्यामागे माणूस जातो. हा धोका कुठल्याही विमानासाठी पत्करण्यासारखा नाही.

शेततळ्यात तर कधीच नाही. प्लॅस्टिक अंथरलेल्या उतारावर पाय टिकत नाही आणि पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. शिवाय ते धावेला अपुरंच असतं.

कास तलाव साताऱ्याच्या पिण्याच्या पाण्याचा आहे आणि पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. तिथे नाही. कोयना आणि चांदोली हे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र, तिथेही नाही. मायणीसारख्या ठिकाणी हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. एका विमानानं अख्खा थवा उठतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावात होड्यांची गर्दी असते.

मग उरतं काय? कण्हेर, उरमोडी, धोम यांच्या फुगवट्याचा धरणाच्या भिंतीपासून दूरचा, सपाट काठाचा भाग. सांगलीच्या पूर्वेला टेंभू आणि म्हैसाळ योजनेच्या पाण्यावर भरणारे तलाव. जलसंपदा विभागाच्या शाखा कार्यालयात विचारून जा आणि मासेमारी करणाऱ्यांशी आदल्या दिवशी बोला. जाळी कुठे, बुडालेले बाभळीचे बुंधे कुठे, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. आवर्तन सुटलं की आठवड्यात काठ मागे सरकतो आणि गुडघाभर गाळ उरतो.

परवानगीचं काय?

ड्रोन नियम, २०२१ लागू होतात. मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण जागा डिजिटल स्काय नकाशावर तपासावीच लागते. हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंत मुभा असते. पिवळ्या आणि लाल क्षेत्रात परवानगीशिवाय नाही. कऱ्हाडला धावपट्टी आहे, त्या बाजूला जाणाऱ्यांनी नकाशा आवर्जून पाहावा. नोंदणीचे नियमही आधी वाचून घ्या.

कोणत्या दिवसांत?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सकाळी साडेसात ते दहा. वारा ताशी ५ ते १२ किलोमीटर उत्तम. नमुन्याएवढ्या विमानाला ४० मिमीपेक्षा उंच लाटा नकोत. कृष्णाकाठी थंडीत धुकं पूर्ण विरल्याशिवाय सुरुवात करू नका. पावसाळ्यात घाटमाथ्याचा पश्चिम वारा मॉडेलला झेपणारा नसतो. तेवढे महिने दुरुस्तीचे.

विमान मध्येच बंद पडलं तर?

पाण्यात उतरायचं नाही. पोहता येत असलं तरी नाही. वारा काठाकडे वाहत असेल तर थांबा, ते येतंच. म्हणूनच वारा आपल्याकडे किंवा काठाला समांतर असेल अशी बाजू निवडायची. गळाच्या दोरीला टेनिस बॉल बांधून विमानाच्या पलीकडे फेकला की ५० मीटरपर्यंतचं विमान ओढता येतं. त्यापलीकडे मच्छीमाराची होडी, लाइफ जॅकेट घालून.

जमिनीवर कुठे आणि कसं?

मुरमाड माळ, ६० बाय १० मीटर, दगड वेचलेला. काळ्या रानातल्या ढेकळांत लहान चाकं अडतात. किमान ७५ मिमी व्यासाची लावा. बाजूला उभा ऊस असेल तर विमानात बझर हवाच. दोन पुरुष उंच उसात पडलेलं विमान दहा फुटांवरूनही दिसत नाही. तासगावकडे द्राक्षबागांच्या तारांवरून कमी उंचीनं जाऊ नका.

ओल्या, आखूड गवतावरून फ्लोटसकट उठता आणि उतरता येतं. मुरमावर नाही, एका खेपेत तळाची फिल्म फाटते. चाकं-फ्लोट बदलल्यावर सीजी पुन्हा काढा.

बॅटरी किती वेळ टिकते?

सरासरी १५ अँपिअरला ८० टक्के बॅटरीत सात मिनिटं. पाण्यावर टायमर पाच मिनिटांचा लावा, कारण काठापर्यंत परत यायलाही वीज लागते. सेल ३.५ व्होल्टच्या खाली नको, चार्जिंग १ सीनं (२२०० एमएएचला २.२ अँपिअर), ठेवायची असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर. बंद गाडीत उन्हात लिपो (ही लिथियम-पॉलिमर बॅटरी) ठेवू नका.

विमान पूर्ण बुडालं. आता?

आधी थ्रॉटल शून्य. काठावर आल्यावर बॅटरी काढून माणसांपासून आणि गाडीपासून लांब, उघड्यावर, तासभर ठेवा. फुगली किंवा कोमट लागली तर पुन्हा वापरायची नाही. गढूळ पाणी असेल तर मोटर, सर्व्हो आणि ईएससी स्वच्छ पाण्यानं धुऊन पंख्याखाली २४ तास वाळवा. गाळ राहिला तर तोच पुढे गिअर खातो. रिसीव्हरवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवा. मोटरच्या बेअरिंगला हलक्या तेलाचा एक थेंब द्या. फ्लोटला टाचणीचं भोक पाडून पाणी गाळा, वाळल्यावर टेप लावा. मग प्रॉपेलर काढून सगळे सर्व्हो दहा मिनिटं चालवून पाहा. एखादा थरथरला किंवा मध्यावर परतला नाही तर तो बदला.